शाळा सगळ्यांना एका रांगेत आणते का?

एमएला शिकलेल्या समाजशास्त्राच्या थिअरी नोकरी लागली की बहुतेक जण विसरून जातात, पण मला नवी मुंबईतल्या कोपरखैरण्यात राहून त्या सारख्या आठवतात, आणि आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्यातून खासगी शाळांत गरीब आणि वंचित मुलांना मिळणाऱ्या मोफत जागांच्या, फॉर्मचा सीझन आला की तर फारच.

एमिल दुर्खाइम ह्या फ्रेंच समाजशास्त्रज्ञाचं म्हणणं सरळ आहे, समाज एकत्र टिकायचा तर मुलांच्या मनात काही गोष्टी सारख्या रुजायला हव्यात आणि ते काम शाळा करते. पुढे १९५९ मध्ये अमेरिकेतल्या टाल्कट पार्सन्सने मांडलं की घरात मूल आईबापाचं लाडकं असतं, शाळेत मात्र सगळ्यांना एकच माप लागतं, आणि तिथून जो तो आपल्या गुणांवर पुढे जातो. हे खोटं आहे असं मी कधीच म्हणणार नाही. माझे मामा साताऱ्याकडचे, रयत शिक्षण संस्थेच्या वसतिगृहात राहून शिकले, घरात त्यांच्याआधी सातवीच्या पुढे कुणी गेलं नव्हतं, आणि ते टीटीसीतल्या (ठाणे-बेलापूरच्या औद्योगिक पट्ट्यातल्या) कंपनीतून सुपरवायझर म्हणून रिटायर झाले. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ ला ही संस्था काढली म्हणून आमच्यासारखी कितीतरी घरं उभी राहिली, नवी मुंबईत तर अशी घरं गल्लोगल्ली सापडतील.

पण माप एकच असलं तरी मुलं कुठल्या घरातून येतात ते कोण बघणार? पिएर बोर्द्यू हा फ्रेंच समाजशास्त्रज्ञ नेमकं तेच बघायचा. तो म्हणायचा की पैशासारखंच सांस्कृतिक भांडवल पण असतं, म्हणजे घरात बोलली जाणारी भाषा, पुस्तकं, कुठे काय विचारायचं याची सवय, आणि शाळा हे भांडवल शिकवत नाही, ते मुलाकडे आहेच असं धरून चालते आणि ज्याच्याकडे असतं त्याला हुशार म्हणते.

आमच्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या ताई घणसोली गावात भाड्याने राहतात. मोठ्या मुलीचा आरटीईच्या लॉटरीत नंबर लागला, ती आता सहावीत आहे, यंदा धाकट्याचा फॉर्म भरायचा होता. फॉर्ममध्ये नकाशा येतो आणि आपल्या घरावर बोटाने फुगा नेऊन ठेवायचा असतो, त्यावरून शाळेचं अंतर धरतात. गावठाणात इमारतीला इमारत चिकटलेली, नकाशावर गल्लीचं नाव नाही, ताई मोबाइल डोळ्याजवळ धरून म्हणाल्या, "ताई, हे आमचं देऊळ, मग आमचं घर ह्या बाजूला की त्या?" फुगा चुकीच्या जागी गेला तर पडताळणीत अर्ज बाद होऊ शकतो. वर भाडेकरार रजिस्टर केलेलाच लागतो आणि घरमालक रजिस्टर करायला तयार नाही. आर्थिक दुर्बल गटातून भरायचं तर उत्पन्न वर्षाला १ लाखाच्या आत हवं, वंचित गटात असाल तर उत्पन्नाची अट नाही पण जातीचा दाखला हवा, म्हणजे दाखला काढायला खाडा, आणि खाडा केला की कामाचे पैसे कापतात. मूल अजून शाळेत गेलेलं नाही, परीक्षा मात्र आईची सुरू झाली.

ताईंच्या मोठ्या मुलीच्या वर्गाचा व्हॉट्सअॅप ग्रुप आहे. शाळा चांगली आहे, टीचर पण मुद्दाम कुणाशी वाईट वागत नाहीत. पण रात्री साडेनऊला इंग्रजीत मेसेज येतो की उद्या सोलार सिस्टिमचं मॉडेल आणा, थर्माकोल नको, कलर प्रिंटआउट लावा. बाकीच्या आया लगेच ऑर्डर टाकतात, कुणाचे बाबा प्रिंट काढून आणतात. ताईंना तो मेसेज कळतो सकाळी, आमच्याकडे आल्यावर. आणि शेरा येतो मुलीच्या डायरीत, ती कामात लक्ष देत नाही म्हणून. पोरगी अख्खे पाढे तोंडपाठ म्हणते हो, तिचं लक्ष नाही असं कसं म्हणायचं? बोर्द्यू जे म्हणतो ते ह्या एका शेऱ्यात दिसतं मला.

आणि हे समजायला फ्रान्सपर्यंत जायची पण गरज नव्हती. जोतीराव फुल्यांनी १८८२ मध्ये हंटर कमिशनपुढे, म्हणजे इंग्रज सरकारच्या शिक्षण आयोगापुढे, निवेदन दिलं, त्यात हेच होतं की सरकारचा महसूल येतो रयतेच्या घामातून आणि शिक्षणावरचा खर्च मात्र वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर होतो, म्हणून निदान बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा. हा माणूस समाजशास्त्राच्या सिलॅबसमध्ये सगळ्यात आधी असायला हवा, माझं ठाम मत आहे.

म्हणून आरटीईमधल्या २५ टक्के जागांबद्दल मला इतकं वाटतं. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य सरकारने नियम बदलला होता, सरकारी किंवा अनुदानित शाळा एक किलोमीटरच्या आत असेल तर खासगी विनाअनुदानित शाळेला ह्या जागांतून सूट. आमच्यासारख्या दाटीच्या शहरात याचा अर्थ काय होतो तुम्हीच बघा. मुंबई हायकोर्टाने मे महिन्यात स्थगिती दिली आणि जुलैत तो बदल रद्द केला, तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला. महापालिकेच्या शाळा सुधारायलाच हव्यात, पण सोसायटीतलं पोर आणि गावठाणातलं पोर एका बाकावर बसणं ही वेगळी गोष्ट आहे, ती दुसरी कुठलीच योजना देत नाही.

फक्त हा कायदा आठवीला संपतो. नववीपासून पूर्ण फी. आठ वर्षं ज्या बाकावर बसवलं तिथून ऐन दहावीच्या तोंडावर उठवायचं, ह्याला काय अर्थ आहे? ताईंनी नववीची फी आत्ताच विचारून ठेवलीय आणि अजून एका घरचं काम धरलंय. निदान दहावीपर्यंत तरी ही सवलत वाढवायलाच हवी, आपल्या भागातल्या आमदारांकडे, नगरसेवकांकडे हे मागत राहा, मी मागतेय.

पुढच्या वर्षी ज्यांना फॉर्म भरायचाय त्यांनी भाडेकरार आणि दाखले आधीच काढून ठेवा, फॉर्म सुटल्यावर वेळ पुरत नाही. घणसोली-कोपरखैरण्यात कुणाला फुगा लावायला मदत लागली तर सांगा, रविवारी मी घरीच असते.