नोंद सहावी: पन्नाशीतला नागानो जुन्या कोर्सवर कुठपर्यंत गेला असता

नमस्कार मंडळी, दीड महिना काही लिहिलं नाही. आधी पाऊस, मग उजव्या हाताच्या मधल्या बोटाखालचा घट्टा उचकटला आणि ती कातडी भरेपर्यंत पट्टीला हात लावायचा नाही असं ठरवलं होतं. आता पुन्हा सुरू केलंय आणि या खेपेला सांगण्यासारखं बरंच आहे.

नवीन लोकांसाठी थोडक्यात. माकोतो नागानो, मियाझाकीचा मच्छीमार, बोटीचा कप्तान, बोटीवरच सराव करायचा, ऑक्टोबर २००६ मधे १७ व्या सासुकेत (जपानी टीव्हीवरची चार स्टेजच्या अडथळ्यांची स्पर्धा) चारही स्टेज मारून जिंकला तेव्हा ३४ वर्षांचा होता. आज पन्नाशी ओलांडलीय. तर आजच्या अंगाने तो जुन्या कोर्सवर उतरला, म्हणजे १९९९ चा कोर्स जिथे काझुहिको अकियामा सगळ्यात पहिला विजेता ठरला, किंवा स्वतःचाच २००६ चा, तर कुठपर्यंत जाईल? यावर आपल्यात वाद होतो तेव्हा सगळे म्हणतात "जुने कोर्स सोपे होते, आरामात मारेल." मला ते पटत नव्हतं, पण नुसतं पटत नाही म्हणून काय उपयोग, म्हणून हे मोजमाप सुरू केलं.

मी ४८ चा. नागानोशी माझी तुलना करायची नाहीये, मला फक्त हे बघायचंय की वयाबरोबर कुठली गोष्ट किती उतरते. माझ्याकडे बारा वर्षांपूर्वीची वही आहे, ३६ चा असताना लिहिलेली, त्यात उडी, लटकणं, दोर सगळ्याचे आकडे आहेत. तेच सगळं परत केलं, तसंच, प्रत्येक गोष्ट तीन वेळा आणि चांगला आकडा धरायचा.

जागेवरून उंच उडी तेव्हा ५४ सेंटीमीटर, आता ४३. गच्चीतल्या ३ सेंटीमीटरच्या सागवानी पट्टीवर बोटांनी लटकणं तेव्हा ३१ सेकंद, आता २९. बारा वर्षांत दोनच सेकंद! मी भाच्याला परत घड्याळ लावायला लावलं, त्याने लावलं, परत २९.

म्हणजे पकड टिकते, पाय जातात. झटक्याची ताकद आधी उतरते आणि बोटांची, सावकाश वापरायची ताकद बरीच उशिरा, हे वाचलेलं होतं पण स्वतःच्या वहीत दोन आकडे शेजारी शेजारी बघितल्यावर वेगळंच वाटलं.

आता हे कोर्सवर लावा. तिसऱ्या स्टेजमधला सुरुवातीचा क्लिफहँगर म्हणजे सरळ एक पट्टी, बोटं रोवायची आणि सरकत जायचं. हे पन्नाशीतल्या हातांचं काम आहे, त्यात घाई नाही, पाय लागत नाहीत. २००७ मधे १८ व्या स्पर्धेला कोर्स नव्याने बांधला तेव्हा शिन क्लिफहँगर आला, तिथे एका पट्टीवरून दुसरीवर झेपावं लागतं, आणि पुढच्या काळात तर समोरच्या भिंतीवरून पाठीमागच्या भिंतीवर उडी. मी गच्चीत शिनसारखी वरची पट्टी लावून बघितली, फक्त ३५ सेंटीमीटर वर, खाली दोन गाद्या टाकून. बोटं पट्टीवर पोचतात, पण पोचताना कंबरेतून जो हिसडा लागतो तो मिळत नाही, हात पट्टीवर आपटतो आणि निसटतो. नऊ वेळा केलं, दोनदा धरलं. असं निसटणं कातडीसाठी फार वाईट असतं, तेव्हा तुम्ही करणार असाल तर दिवसाला पाचच्या वर जाऊ नका.

पहिल्या स्टेजचंही तसंच. वॉर्प्ड वॉल आली पाचव्या स्पर्धेत, २००० साली, म्हणजे अकियामाच्या कोर्सवर ती नव्हतीच. पाच मीटरची ती वाकडी भिंत पळत येऊन चढायची, हा सगळा पायांचा हिशोब. त्यातून नंतर ट्रॅम्पोलीनवरून दोन भिंतींच्या मधे अडकायचं वगैरे. आपण म्हाताऱ्या खेळाडूंना पहिल्याच स्टेजला पाण्यात पडताना बघतो आणि म्हणतो की संपला बिचारा. संपलेला नसतो, त्याचे हात अजून तिसऱ्या स्टेजचे असतात, कोर्सने त्याला तिथपर्यंत जाऊच दिलेलं नसतं. शिंगो यामामोतो पहिल्यापासून प्रत्येक स्पर्धेत उतरलाय, त्याला बघताना मला हेच वाटत राहतं आणि खरंच वाईट वाटतं.

आता दोर. इथे मी सगळ्यात जास्त वेळ घालवला कारण लहानपणी तालमीत दोरीचा मल्लखांब केलाय, दोर हातात आला की अंगठ्याची मिठी आपोआप बसते. गावच्या चिंचेला साडेसात मीटरवर दोर बांधलाय. हिशोब सोपा पडतो: १९९९ ची फायनल (चौथी स्टेज) म्हणजे १५ मीटर दोर ३० सेकंदांत, म्हणजे माझ्या दोराला १५ सेकंद. २००० ते २००६ ची फायनल म्हणजे साडेबारा मीटर दोन भिंतींच्या मधून हातपाय फाकवून आणि वर १० मीटर दोर, एकूण साडेबावीस, वेळ तेवढीच ३०. सरासरी धरली तर साडेसात मीटरला १० सेकंद.

वहीत ३६ व्या वर्षीचा आकडा १२.६ सेकंद. आता १४.४. हात ताजे असताना. पण कोणी ताज्या हातांनी फायनलला जात नाही, म्हणून आधी पट्टीवर तीन फेऱ्या, दहा मिनिटं विश्रांती आणि मग दोर: १७.१. शेवटच्या दीड मीटरला हात वर जायचा पण मूठ वळायला अर्धा सेकंद जास्त घ्यायची, ते चिंचेवर बसलेल्या भाच्याला वरून दिसत होतं, तो म्हणाला "मामा, हात पोचतोय पण बंदच होत नाहीये."

ताज्या हातांचा फरक साधारण १४ टक्के. आणि आता नागानोचा २००६ चा विजय घ्या. वर पोचला तेव्हा अडीच सेकंदच उरले होते, म्हणजे साडेसत्तावीसमधे चढला. तो फक्त १० टक्के हळू झाला तरी ३० च्या बाहेर जातो, संपलं. त्याच्या हातांची मजबुती माझ्यापेक्षा दुप्पट टिकली असं धरलं तरी ७ टक्के जातात, मग अर्ध्या सेकंदाच्या फरकाने वर पोचेल, ते पण तीन स्टेजचा थकवा ३४ च्या वयाइतकाच आला असं मानून. मला नाही वाटत पोचेल.

तर माझं मत आज तरी असं: १९९९ चा कोर्स पन्नाशीतला नागानो पूर्ण मारेल, दोराला सुद्धा दोन-चार सेकंद राखून. स्वतःचा २००६ चा कोर्स तिसऱ्या स्टेजपर्यंत नक्की, क्लिफहँगर पार करेल, आणि फायनलला दोरावरच वेळ संपेल, वरचं बटन डोळ्यासमोर असताना. २००७ नंतरच्या कोर्सवर पहिल्या स्टेजचं पण मी छातीठोक सांगणार नाही.

एक गोष्ट राहिलीय. भिंतींमधून चढणं दोरापेक्षा खूप वेगात होतं, म्हणून ती सरासरी खरं तर चुकीची आहे, दोराच्या वाट्याला जास्त वेळ उरतो. ते नीट काढायला दोन समांतर भिंती हव्यात. मागच्या बोळात आमची आणि शेजारच्यांची भिंत दीड हाताच्या अंतरावर समोरासमोर आहे, शेजारच्या काकांना विचारलंय, ते हो म्हणालेत पण गणपती झाल्यावर. बूट कोणते वापरायचे कोणी सांगेल का, साधे कॅनव्हासचे सिमेंटच्या गिलाव्यावर घसरतात.