ह्याला ताक द्या की

मेलबर्नला लेकीकडं गेलो होतो. बर्क स्ट्रीटवर भर दुपारी एक सांताक्लॉज चॉकलेटं वाटत उभा. ऊन ३८ डिग्री, अंगात जाडजूड लाल डगला, दाढी हनुवटीखाली ओढलेली आणि मानेवरून रुमाल फिरवणं चाललेलं. आमची ही बघतच राहिली. म्हणाली, "अहो, ह्याला कुणीतरी ताक द्या की!"

त्याच रस्त्यावर मायरचं मोठं दुकान. १९५६ पासून दर नाताळात तिथं काचेमागं हलत्या बाहुल्यांची गोष्ट मांडतात. चड्डी-चपलांतली पोरं काचेला नाक लावून बघत होती. पलीकडच्या दुकानानं काचेवर फवाऱ्यानं पांढराशुभ्र बर्फ मारलेला. मला हसू आलं. पण आपण तरी काय वेगळं करत होतो? बेळगावात कॅम्पातल्या मित्राच्या घरी नाताळात येशूजन्माचा गोठा मांडायचे, तेव्हा कापूस पिंजून छपरावर बर्फ पसरायचं काम माझ्याकडंच असायचं. मी बर्फ बघितलेला तो गोळेवाल्याच्या गाडीवर.

थंडी मात्र खरी होती. टिळकवाडीहून सायकल मारत कॅम्पात पोचेपर्यंत हँडलवरची बोटं बधिर व्हायची. मित्राची आई गोव्याकडची. क्रोशाच्या रुमालाखाली झाकलेलं ताट पुढं यायचं. नेवऱ्या, कुलकुलं आणि काळाभोर, तेल सुटलेला दोदोल. गूळ-नारळाचा तो चिवट तुकडा दाढेला जो चिकटायचा, तो जिभेनं सोडवत सोडवत घर यायचं. आई विचारायची, "काय खाऊन आलास?" तोंड उघडता आलं तर सांगणार!

माझी एक खोड आहे. रोषणाई अंधारातच बघावी. उजेडात लावलेल्या माळा मला उगाच वीज जाळल्यासारख्या वाटतात. आणि तिथं डिसेंबरात सूर्य मावळतो पावणेनऊच्या सुमाराला! चोवीस तारखेला लेक 'कॅरल्स बाय कँडललाइट'ला घेऊन गेली. १९३८ पासूनचा रिवाज, हिरवळीवर सतरंज्या टाकून हजारो माणसं गायला बसलेली. गाणी छानच, पण आभाळ असं लख्ख, की हातातल्या मेणबत्तीचा उजेड पडतोय कुठं ते शोधावं लागत होतं. आमच्याकडं एव्हाना तुळशीपुढचा दिवा लागून जेवणंसुद्धा उरकली असती.

दुसऱ्या दिवशीच्या जेवणात खरा बर्फ दिसला. कोळंबीखाली. थंडगार कोळंबी, चेरी आणि पावलोवा नावाचा मलईचा डोंगर. जावई म्हणाला, "बाबा, ह्या उन्हात गरम कोण खाणार?" बरोबर आहे त्याचं. तरी मी हळूच लेकीला चहा टाकायला सांगितला.

मग नातवाला आमच्या कॅम्पातल्या ओल्ड मॅनची, म्हणजे सरत्या वर्षाच्या पुतळ्याची, गोष्ट सांगायला बसलो. जुनी पँट, जुना शर्ट, आत गवत कोंबायचं, डोक्याला हॅट, आणि ३१ तारखेच्या रात्री बारा वाजता द्यायचा पेटवून. मला वाटलं, पोरगं खूश होईल. त्याचे डोळे विस्फारले. "आजोबा, टोटल फायर बॅन असेल ना!" तिथं वणव्याची भीती इतकी, की बंदीच्या दिवशी उघड्यावर कोळशाची शेगडीसुद्धा पेटवायची नाही, हे त्या एवढ्याशा पोराला पाठ. मी म्हटलं, आमच्याकडं तेव्हा थंडी असते रे, जाळ झाला की सगळी जवळच सरकतात. ते पटलं त्याला. मग थोडं थांबून विचारलं, "पण त्या ओल्ड मॅननं केलं काय होतं?"

"काही नाही रे. म्हातारा झालता."

त्यावर तो माझ्याकडं जरा जास्तच वेळ बघत राहिला.