एलिशा कुक ज्युनिअरची वही: अकरा चित्रपट आणि एक चुकलेली नोंद

मंडळी, दोन महिन्यांनी वही उघडतोय. नव्यांसाठी थोडक्यात: एलिशा कुक ज्युनिअर या अमेरिकन चरित्र अभिनेत्याचे मिळतील तेवढे चित्रपट बघायचे, आणि प्रत्येकापुढे तो शेवटपर्यंत जिवंत राहतो की नाही ते लिहायचं, असा माझा उद्योग चालू आहे. कुकची ख्यातीच तशी. पडद्यावर आला की कुणीतरी त्याला मारणार. आमच्या आईला इंग्रजी संवाद फारसे कळत नाहीत, पण त्याचा चेहरा दिसला की ती भाजी निवडता निवडता म्हणते, "हा गेला म्हणून समज."

आधी चूक कबूल करतो. मागच्या खेपेला 'द माल्टीज फाल्कन'पुढे (1941) 'मेला' अशी नोंद केली होती. ती चुकीची. ज्याच्यामागे सगळे लागलेत तो पक्ष्याचा पुतळा नकली निघाल्याच्या गोंधळात विल्मर, म्हणजे कुकचं पात्र, गुपचूप सटकतो, त्याचं मरण आपल्याला दिसत नाही. मूळ कादंबरीत तो शेवटी आपल्याच म्होरक्याला, गटमनला, गोळी घालतो, आणि ते डोक्यात घोळत असल्यामुळे मी बिनदिक्कत चौकटीत फुली मारली. तर दुरुस्त हिशोब असा: पाहिले 11, मेला 5. ऐकून होतो त्या मानाने आकडा अगदीच किरकोळ! पण तो लक्षात मात्र मरणारा म्हणूनच राहतो. हे असं का, ते शोधण्यातच हे दोन महिने गेले.

विल्मरपासूनच सुरुवात करू. कुकचा जन्म 1903 चा, सॅन फ्रान्सिस्कोतला. म्हणजे सगळे ज्याला 'पोरगा' म्हणतात तो विल्मर करताना हा गडी सदतीस वर्षांचा होता! अंगावर मोठा ओव्हरकोट, दोन्ही खिशांत पिस्तुलं, आवाजात उसनी जरब. हॉटेलच्या कॉरिडॉरमध्ये नायक हम्फ्री बोगार्ट तोच कोट मागून खाली ओढतो, त्यात याचे हात अडकतात आणि दोन्ही पिस्तुलं जातात. पुढे गटमन त्याला पोलिसांच्या तोंडी द्यायला तयार होतो. पोटच्या पोरासारखा आहे म्हणतो आणि त्याच दमात सांगतो, मुलगा गेला तर दुसरा मिळेल, फाल्कन एकच आहे. या वेळी पॉज करून पाहिलं. बोगार्टला दमदाटी करताना विल्मरच्या डोळ्यांत पाणी आहे. इतक्या वेळा पाहूनही मी आजवर बोगार्टकडेच बघत होतो.

त्यानंतर 'द बिग स्लीप' (1946) परत लावला. यातला हॅरी जोन्स म्हणजे जेमतेम काही मिनिटांचं काम. ॲग्नेस नावाच्या बाईवर याचा जीव, आणि बाई काही त्या लायकीची नाही. कॅनिनो नावाचा गुंड तिचा पत्ता विचारतो. हॅरी पत्ता देतो, वर कॅनिनोने पुढे केलेलं पेय पितो. त्यात विष असतं. शेजारच्या खोलीत दाराआड उभा डिटेक्टिव्ह मार्लो सगळं ऐकतो आणि काही करू शकत नाही. मागाहून कळतं की पत्ता खोटा होता. पुन्हा पाहताना मी फक्त कुकच्या आवाजाकडे लक्ष दिलं. भीतीने तो हसतोय, पेला घेताना नाखूश आहे, पण खोटा पत्ता सांगताना आवाज हलत नाही. पहिल्यांदा पाहताना आपल्यालाही तो खरा वाटतो, ते यामुळेच.

'शेन' (1953) मात्र मी पहिल्यांदाच पाहिला, आणि तो दोनदा बघावा लागला. कुक इथे टॉरी, अलाबामाचा शेतकरी, यादवी युद्धात दक्षिणेकडून लढलेला, चेष्टेचा विषय झालेला. जॅक पॅलन्सचा भाडोत्री मारेकरी विल्सन वर कोरड्या फळ्यांवर चालतो, हा खाली चिखलात. विल्सन डिवचतो, टॉरीचं पिस्तूल जेमतेम बाहेर येतं, तोवर समोरच्याचं रोखलेलं असतं. आणि विल्सन थांबतो. एक क्षण टॉरीला सगळं कळलेलं असतं आणि हात अर्ध्यावर अडलेला असतो. मग गोळी. दिग्दर्शक जॉर्ज स्टीव्हन्सने कुकला तारेने बांधून झटक्यात मागे खेचलं होतं, गोळीचा आवाजही मुद्दाम मोठा केला होता. त्या काळच्या वेस्टर्नमध्ये माणसं छातीला हात लावून सावकाश कोसळायची. हा चिखलात उताणा फेकला जातो. आईने भाजी बाजूला ठेवली.

बाकीच्या नोंदी भरभर. 'फँटम लेडी'त (1944) तो ड्रमर आहे. तळघरातला जॅझचा तो प्रसंग घामाघूम करणारा, पण मला जरा अतीच वाटला, शिव्या द्या हवं तर. 'बॉर्न टू किल'मध्ये (1947) वाळूच्या टेकड्यांत एका म्हाताऱ्या बाईला मारायला जातो, तर ती टोपीची टाचणीच खुपसते. 'स्ट्रेंजर ऑन द थर्ड फ्लोअर' (1940) म्हणजे निरपराध आरोपी, वाचतो. 'डोन्ट बॉदर टू नॉक'मध्ये (1952) लिफ्टमन आणि मेरिलिन मन्रोचा काका, मार खातो पण वाचतो. 'हाउस ऑन हाँटेड हिल' (1959) आणि 'रोझमेरीज बेबी' (1968), दोन्हींत सुखरूप. 'आय वेक अप स्क्रीमिंग'बद्दल (1941) तोंड उघडत नाही, पाहिलेल्यांना कारण माहीत आहे.

दिग्दर्शक स्टॅन्ली कुब्रिकच्या 'द किलिंग'ला (1956) मात्र वेगळं पान दिलंय. घोड्यांच्या रेसकोर्सवरचा कॅशियर जॉर्ज पीटी. बायको शेरी, म्हणजे मरी विंडसर, त्याच्याहून उंच, त्याला येता-जाता टोमणे मारणारी. तिने जवळ घ्यावं म्हणून हा दरोड्याची गोष्ट तिला सांगून बसतो आणि सगळा डाव तिथेच फुटतो. शेवटी रक्ताळलेल्या चेहऱ्याने घरी येतो, तिला गोळी घालतो आणि पोपटाचा पिंजरा घेऊन कोसळतो. पाच मरणांपैकी इथेच तो मरायच्या आधी दुसऱ्याला गाठतो, आणि तेव्हाही त्याच्या तोंडावर राग नाही. मला तरी तिथे फक्त थकवा दिसला.

माणूस म्हणून तो या सगळ्याच्या उलट निघाला. दिग्दर्शक जॉन ह्यूस्टन सांगायचा की कुक सिएरा नेवाडाच्या डोंगरात एकटा राहतो, माशांसाठी गळाच्या कृत्रिम माश्या बांधतो, गोल्डन ट्राउट पकडतो, आणि काम असलं की त्याच्याकडे माणूस पाठवावा लागतो. कॅलिफोर्नियातल्या बिग पाइन गावात 1995 मध्ये, एक्याण्णवाव्या वर्षी गेला. पडद्यावर इतका लवकर मरणारा 'फाल्कन'च्या मुख्य मंडळींत सगळ्यात शेवटी गेला.

पुढच्या खेपेला टीव्ही. 'स्टार ट्रेक'च्या 1967 मधल्या 'कोर्ट मार्शल' भागात तो संगणकापेक्षा पुस्तकांवर विश्वास ठेवणारा वकील आहे. मग 'मॅग्नम' मालिकेतलं आइस पिक हे पात्र. 'मेसाया ऑफ ईव्हिल'ची (1973) बरी प्रत कुणाकडे असेल तर कळवा, माझ्याकडची इतकी काळी आहे की कोण मेलं तेच कळत नाही.