एप्रिलातलं सोलापूर आणि मगातच बसलेली खुर्ची

पुण्याहून संध्याकाळची हुतात्मा पकडली तेव्हा पिशवीत कपड्यांचा एक जोड होता आणि इपॉक्सीचे, म्हणजे दोन भाग मिसळले की कडक होणाऱ्या रेझिनचे, दोन डबे. एप्रिलात सोलापूरला कोण जातं, असं घरच्यांनी विचारलं होतं. ऐकायला हवं होतं.

डोक्यात एक डच खुर्ची होती. मार्सेल वाँडर्स या डिझायनरने 1996 मध्ये कार्बन आणि अ‍ॅरामिड तंतूंचा दोर मॅक्रमेसारखा गाठी मारून विणला, रेझिनमध्ये भिजवला आणि चौकटीला टांगून वाळवला. खोलगटपणा दोराच्या स्वतःच्या वजनानंच आला. मला हे सोलापुरी सुतात करून बघायचं होतं.

अक्कलकोट रोडच्या बाजूला ओळखीतून एका टॉवेलवाल्या मालकांचं शेड मिळालं. धोट्याऐवजी रॅपियर (आडवं सूत ओढून नेणारी पट्टी) असलेल्या मागावर कापडाच्या कडेला एक खोटी किनार विणली जाते आणि तिथेच कापून टाकली जाते. बोटभर रुंद, झालरीसारखी, न संपणारी. कोपऱ्यात तिची पोती भरलेली. मला हवा तसा दोर आयताच; मी तर हरखूनच गेलो.

टेरीचा माग पहिल्यांदाच इतक्या जवळून पाहिला. त्याला ताण्याचे, म्हणजे उभ्या सुताचे, दोन बीम (रूळ) असतात: एक ताठ, एक सैल. सैल बीमच्या सुतातूनच टॉवेलचे लूप उठतात. मागांच्या खडखडाटात मालक माझ्या कानाशी ओरडून हे समजावत होते आणि मी उगाच मान डोलवत होतो. नीट कळलं ते दुपारी, माग थांबल्यावर.

मग माझा प्रयोग. डब्यावर लिहिलेलं, मिश्रण घट्ट होण्याआधी 25 अंशांना अर्धा तास मिळेल. तापमान दहा अंशांनी वाढलं की हा वेळ साधारण निम्म्यावर येतो, हे मला पाठ होतं. पत्र्याखाली 41 होतं, हे मात्र लक्षात आलं नाही. त्यात मिश्रण पसरट ताटात न ओतता खोल मगातच ठेवलं, म्हणजे त्याची उष्णता त्याच्यातच कोंडली. दहा मिनिटांच्या आत तो मग हाताला चटके देऊ लागला, धूर निघाला आणि ब्रश त्यात उभाच्या उभा रुतून बसला.

मालक हसले नाहीत, हे त्यांचे उपकार. एवढंच म्हणाले, ‘‘सर, कापड मऊ व्हावं म्हणून आम्ही मरतो, आणि तुम्ही त्याचा दगड करायला आलाय होय?’’

कडक भाकरी, शेंगाचटणी आणि ताक झाल्यावर मी त्यांना मार्सेल ब्रॉयर या दुसऱ्या एका डिझायनरबद्दल सांगितलं. 1925 च्या सुमारास त्यानं पोलादी नळ्या वाकवून खुर्च्या केल्या आणि पुढे त्यांवर ‘आयझनगार्न’ ताणलं. नाव लोखंडी सूत, पण लोखंडाचा कणही नाही. स्टार्च आणि मेण लावून घोटलेलं साधं सुती सूत ते.

‘‘म्हणजे खळच की!’’ मालक म्हणाले. ताण्याच्या सुताला इथे रोजच खळ लागते.

त्यांनी शेडमधली वेत तुटलेली एक लोखंडी खुर्ची पुढे ओढली. किनारीचे तीन पदर वळून, खळीत बुडवून, आम्ही चौकटीवर आडवे-उभे ताणले. बोटांची सालटी निघाली. सकाळी बसून पाहिलं तर बैठक दोन बोटं खाली आलेली.

मालक म्हणाले, ‘‘टोकाला खिळा कशाला मारला? बाजेला पायथ्याशी दोर मोकळा ठेवतात ना, सैल पडली की आवळायला.’’

खिळा उपसला, टोक मागच्या नळीला गुंडाळून गाठ मारली. खुर्ची तिथेच राहिली, आता तिच्यावर मुकादम बसतो. परतताना माझ्याकडे किनारीचं एक पोतं आणि तो मग होता. ब्रश अजून त्यात उभाच आहे.