तुम्ही विचारलंत म्हणून: पोरांचा कोच थेट मॉन्ट्रियलला

पुण्याहून मामांचा फोन आला की एक प्रश्न ठरलेला. "अरे, तुमची ती टीम सारखी हरते, मग त्या कोचचं एवढं कौतुक कशाला?" (टीम म्हणजे आइस हॉकीची मॉन्ट्रियल कॅनेडियन्स, आणि कोच म्हणजे मार्टिन सेंट लुई.) इथे मॉन्ट्रियलला मुलाच्या रिंकवर, म्हणजे बर्फाच्या मैदानावर, भेटणारे आपले लोक तेच जरा सौम्यपणे विचारतात: मोठा खेळाडू होता म्हणजे कोचही चांगलाच होणार, असं असतं का हो?

नसतं. वेन ग्रेट्स्कीसारखा आइस हॉकीपटू दुसरा झाला नाही, पण कोच म्हणून फिनिक्सच्या संघाला चार हंगामांत एकदाही प्लेऑफमध्ये (हंगामाअखेरच्या बाद फेरीत) नेणं त्याला जमलं नाही. स्कॉटी बोमनचं खेळणं डोक्याच्या दुखापतीने तरुणपणीच संपलं, त्याने कोच म्हणून 9 स्टॅनली कप (लीगचं विजेतेपद) जिंकले. आपले आचरेकर सर तरी प्रथम श्रेणीचा एकच सामना खेळले होते ना?

मग मार्टिन सेंट लुई (इथले लोक फ्रेंच वळणाने 'सँ-लुई' म्हणतात) मला का आवडतो? कारण तो मोठा खेळाडू झाला तोच मुळी अडून अडून. जन्म 1975 चा, नदीपलीकडच्या लाव्हालचा. उंची जेमतेम पाच फूट आठ इंच. ड्राफ्टमध्ये (संघ नवे खेळाडू निवडतात त्यात) त्याला कुणीच घेतलं नाही. पुढे कॅल्गरीने घेतलं आणि 2000 मध्ये सोडून दिलं. टॅम्पा बेने उचललं. 2003-04 च्या हंगामात हा बुटका 94 गुणांसह (गोल आणि गोलसाठी दिलेले पास मिळून) अख्ख्या लीगमध्ये पहिला! फायनल (सातपैकी चार सामने जिंकायचे) आली ती नेमकी कॅल्गरीशी. सहावा सामना कॅल्गरीच्याच बर्फावर, हरले असते तर कप गेलाच होता. दुसऱ्या ओव्हरटाइमच्या तेहतिसाव्या सेकंदाला गोल झाला, आणि तो याचाच. सातवा सामना जिंकून टॅम्पाने कप घरी नेला.

2015 मध्ये निवृत्त होऊन तो कनेटिकटमध्ये स्वतःच्या मुलांच्या संघांना शिकवत बसला. फेब्रुवारी 2022 मध्ये कॅनेडियन्सने त्याला बोलावलं तेव्हा आमच्या संघाने 45 सामन्यांत फक्त 8 जिंकले होते. व्यावसायिक संघाच्या बेंचमागे हा बाबा कधी उभाही राहिला नव्हता. फ्रेंच येतं म्हणून आणला असेल, असं आम्ही ऑफिसात म्हणालो. (या शहरात ते लागतंच. 2011 मध्ये फ्रेंच न येणारा तात्पुरता कोच नेमला तेव्हा केवढा गहजब झाला होता.) हसणाऱ्यांत मीही होतो.

मग कोल कॉफील्डचं काय झालं ते पाहा. तोही बुटकाच. त्या हंगामात आधीच्या 30 सामन्यांत त्याचा 1 गोल. सेंट लुई आल्यावर 37 सामन्यांत 22. पोरगा तोच, स्टिकही तीच.

यातलं मला जे कळलं ते मुलाच्या रिंकवर कळलं. त्याचा आधीचा एक कोच बेंचवरून सतत ओरडायचा, "मार, मार!" पोरगं मान वर करून त्याच्याकडे बघेपर्यंत पक (खेळातली रबरी चकती) दुसऱ्याच्या स्टिकवर. या खेळात एक खेळाडू एका वेळी पाऊण मिनिटच बर्फावर असतो, की लगेच बदली. तेवढ्यात बाहेरून काय सांगणार? सेंट लुई ठरीव आखणीपेक्षा खेळ वाचायला शिकवतो: जागा कुठे मोकळी होतेय, सोबत्याला आता काय हवंय. धक्काबुक्कीत ज्याचा निभाव लागणार नाही त्याला पक यायच्या आधीच बघून ठेवावं लागतं. तो स्वतः बावीस-तेवीस वर्षं तेच करत आला, म्हणून त्याला ते सांगताही येतं. ग्रेट्स्कीला बहुधा ते आपोआपच दिसायचं. हा माझा अंदाज.

मामांचंही खोटं नाही. सेंट लुई आला त्या हंगामात आम्ही लीगमध्ये शेवटचेच आलो. एप्रिल 2025 मध्ये अगदी अखेरच्या सामन्यात कसेबसे प्लेऑफमध्ये शिरलो आणि वॉशिंग्टनने पाच सामन्यांत घरी पाठवलं.

पण कोच म्हणून त्याचा पहिला विजय मी मामांना फोन करून सांगितला होता. ओव्हरटाइममध्ये कॉफील्डचा गोल, आणि समोरचा संघ कुठला, तर सेंट लुई ब्लूज. मामा क्षणभर गप्प. मग म्हणाले, "म्हणजे सेंट लुईने सेंट लुईला हरवलं. मग हरलं कोण, ते सांग आधी."