शिट्टी सोडून पंचायतीत कसे काय?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो, नायतर एसटीत, लग्नाच्या पंगतीत, मासळी घेताना सगळीकडे हाच प्रश्न, रेफ्री होतात ना, मग राजकारणात कसे काय घुसलात?

कारण साधं आहे हो, दोन्ही वाड्यांच्या शिव्या सारख्याच खाल्लेला गावात मी एकटाच होतो. वेंगुर्ल्याच्या बाजूला आमचं गाव, भात कापलं की मळ्यातल्या मेरा सपाट करायच्या, फक्की मारायची, झालं फुटबॉलचं ग्राऊंड, आणि फायनल बहुतेक आमच्याच दोन वाड्यांत. पंधरा सीझन मधे मी उभा. पेनल्टी दिली की एकीकडून "मेल्या, डोळे खय ठेवलंस?", नाय दिली की दुसरीकडून तेच. इलेक्शनला दोघांचं एका नावावर जमेना, शेवटी म्हणाले ह्यालाच करूया, हा निदान त्यांचा तरी नाय.

फॉर्म भरला त्याच दिवशी शिट्टी भाच्याला दिली. डोक्यात मोरेनो होता. इक्वेडोरचा रेफ्री बायरन मोरेनो, २००२ च्या वर्ल्डकपात कोरियाविरुद्ध इटलीच्या तोत्ती ह्या खेळाडूला मैदानाबाहेर काढलेला. त्याच वर्षी हा बाबा तिकडच्या राजधानीत, कीटोच्या नगरपालिकेला उभा, आणि शिट्टीही चालूच! कीटोच्या टीमच्या एका मॅचला ६ मिनिटं जादा दाखवली न् खेळवली १३ च्या आसपास, तेवढ्यात मागे पडलेली कीटोची टीम ४-३ जिंकली. २० मॅचची बंदी बसली त्याला. मी तसं केलं नसतं असं छातीठोक सांगवत नाय, म्हणून शिट्टीच नको.

खरा त्रास मात्र वेगळाच निघाला. मैदानात खेळ परत सुरू झाला की रेफ्रीला आधीचा निर्णय फिरवता येत नाय, नियमच आहे, चुकला तर चुकला, चला पुढे. इथे आमच्या पाखाडीचा, म्हणजे पायऱ्यांच्या वाटेचा, ठराव दोनदा पास झालाय. ग्रामसभेच्या कोरमला, म्हणजे कमीत कमी हजेरीला, १५ टक्के मतदार किंवा १०० माणसं, जे कमी ते, तेवढी पण जमली नाय, सभा तहकूब, तहकूब सभेला कोरम लागत नाय म्हणून बसलेल्यांनी पास केला, मग न आलेले सगळे पुढच्या सभेला आले, भांडायलाच, आणि परत पहिल्यापासून.

परवा दोघं एकमेकांच्या अंगावर गेले न् माझा हात आपोआप वरच्या खिशात, पिवळं कार्ड काढायला. हातात आली घरपट्टीची पावती.