आमची वाटचाल : पिंपळगावच्या खळ्यावरून चितगावपर्यंत

आमची पेढी पिंपळगाव बसवंतची. सासरे कांदा व्यापारी. सगळी बाजारपेठ त्यांना आप्पा म्हणते, आम्हीही. लिलावात माल घ्यायचा, खळ्यावर बायकांकडून निवडून घ्यायचा, गोण्या भरून कोलकाता, पाटणा, गुवाहाटीला लावून द्यायचा, असा त्यांचा तीस वर्षांचा धंदा. 2009 मध्ये मी आयात-निर्यात कोड काढला. मी बी.कॉम., इंग्रजीत पत्रव्यवहार जमायचा, माझं भांडवल एवढंच. पैसे आप्पांचे. तेव्हा कांदा बाहेर पाठवायला नाफेड, पणन मंडळ अशा नेमलेल्या संस्थेचं ना-हरकत पत्र लागायचं. त्या एका कागदासाठी नाशिकला मारलेल्या चकरा मोजल्या असत्या तर त्या डिझेलमध्ये एखादा जुना टेम्पो आला असता.

पहिला कंटेनर कोलंबोला गेला. 29 टन. तिकडे मोठ्या कांद्याला ‘बॉम्बाई लूनू’ म्हणतात हे कळलं तेव्हा आप्पा हसले, “कांदा निफाडचा आणि नाव मुंबईचं!” पुढं मलेशिया, दुबई झालं. पण पेढीचा खरा जम बसवला बांगलादेशानं. तिथं जहाजाची भानगड नाही. ट्रक भरला की चार-पाच दिवसांत बंगालच्या सीमेवरचं घोजाडांगा नाकं, तिथून पलीकडे, आणि मग चितगावच्या खातुनगंज बाजारात. तिथले आमचे व्यापारी मला ‘दीदी’ म्हणतात. आजवर त्यांनी माझा एक रुपया बुडवला नाही, हे मुद्दाम लिहिते, कारण आमच्याकडे परदेशी पार्टी म्हटलं की लोक आधी बुडव्याच धरतात.

पाऊस, माल आणि पैशाची वसुली, या तीन गोष्टी सांभाळल्या की धंदा सांभाळला असं मला बरीच वर्षं वाटायचं. डिसेंबर 2010 मध्ये अवकाळीनंतर निर्यात बंद झाली होती, पण ती दोनेक महिन्यांत उठली आणि आम्ही विसरलो. 29 सप्टेंबर 2019 ची बंदी विसरता आली नाही. त्यानंतर चारच दिवसांनी बांगलादेशच्या पंतप्रधान शेख हसीना दिल्लीत होत्या. भर कार्यक्रमात त्या हिंदीत म्हणाल्या, की मी स्वयंपाक्याला कांदा घालू नकोस असं सांगून ठेवलंय, पण असं करायच्या आधी जरा कळवत जा. सभागृह हसलं. आप्पा टीव्हीसमोर बसले होते, ते हसले नाहीत. “बाई खरं बोलली,” एवढंच म्हणाले.

आधी कळवू, असं त्यानंतर दोन्ही देशांच्या बोलण्यात ठरलं होतं म्हणे. 14 सप्टेंबर 2020 ला पुन्हा न कळवता बंदी आली. आमच्या पाच गाड्या सीमेवर. बंगालचा सप्टेंबर म्हणजे ऊन आणि पाऊस एकत्र. ताडपत्री घातली तर कांदा घामेजतो, काढली तर भिजतो. चितगावहून रोज फोन : “दीदी, गाड़ी छूटी क्या?” ढाक्यानं अधिकृत पत्र पाठवून नाराजी कळवली, मग दिल्लीनं 25,000 टन सोडायला मंजुरी दिली. आमच्या दोन गाड्या पार झाल्या. तीन गाड्यांना कोंब आले होते, त्या कोलकात्यात मिळेल त्या भावानं मोकळ्या केल्या. बंदी उठली 1 जानेवारी 2021 ला. तोवर खातुनगंजात पाकिस्तान, तुर्कस्तान, इजिप्त, चीनचा कांदा येऊन बसला होता. चव नाही, म्हणायचे तिथले लोक. पण घ्यायचे.

मग 2022 ची श्रीलंका. मार्चमध्ये त्यांचा रुपया मोकळा सोडला आणि दोन-अडीच महिन्यांत डॉलर 200 वरून 360 च्या घरात गेला. एप्रिलमध्ये सरकारनं परदेशी कर्जाचे हप्ते थांबवले. आमचा माल कोलंबो बंदरात पोचलेला, व्यापाऱ्याकडे त्यांचे रुपये तयार, पण बँकेकडे डॉलर नाहीत. माणूस रोज व्हॉट्सॲपवर माफी मागायचा, आणि त्याचा काही दोष नव्हता. भारतानं त्या वर्षी श्रीलंकेला जवळजवळ चार अब्ज डॉलरची मदत केली, त्यात अन्न-औषधांसाठी एक अब्जाची उधारी होती. आमच्या बँकेतले साहेब म्हणाले, “बघा मॅडम, देशानं केवढी मदत केली!” मी म्हटलं, साहेब, माझे चौदा लाख त्या मदतीत धरलेत का? आठ महिन्यांनी पैसे आले, चार तुकड्यांत.

2023 बद्दल सावकाश लिहावं लागेल. 19 ऑगस्टला 40 टक्के निर्यात शुल्क. जिल्ह्यातले लिलाव बंद पडले. ऑक्टोबरअखेर टनाला 800 डॉलर किमान निर्यात मूल्य, म्हणजे त्याखाली बाहेर विकायचंच नाही. 8 डिसेंबरला पूर्ण बंदी. लोकसभा तोंडावर होती. कांदा खाणारा मतदार देशभर आहे, पिकवणारा आमच्यासारख्या मोजक्या जिल्ह्यांत जास्त. हिशेब सरळ आहे, त्यात मला राग मानायचं कारण दिसत नाही. राग आला तो पुढच्या गोष्टीचा. बंदी असतानाच ‘मित्रदेशांना’ कोटे सुटू लागले : बांगलादेशला 50,000 टन, अमिरातीला 14,400, भूतान, बहारीन, मॉरिशसलाही थोडा थोडा. सगळं सरकार ते सरकार, एका सरकारी सहकारी संस्थेच्या हातून. म्हणजे माझंच गिऱ्हाईक, माझ्याच शिवारातला कांदा, आणि मधली मी तेवढी नको.

मालदीवचं तर काय सांगू. तिथं ‘इंडिया आऊट’ म्हणत सत्तेवर आलेल्यांनी भारताचे सैनिक परत पाठवायला 10 मेची मुदत दिली होती. आणि एप्रिल 2024 मध्ये आपण त्यांना वर्षाचा 35,749 टन कांदा मंजूर केला. वस्ती पाच लाखांच्या आसपास. माणशी सत्तर किलो! पर्यटक धरले तरी खूप झाला. पण चीन शेजारी येऊन बसलेला असताना रुसलेल्या बेटाला कांदा पाठवणं स्वस्तच पडतं, हे मलाही कळतं. त्याची किंमत आमच्याकडच्या कांदाचाळींनी भरली, इतकंच.

4 मे 2024 ला बंदी उठली, पण किमान मूल्य 550 डॉलर आणि वर 40 टक्के शुल्क. म्हणजे 770 डॉलर, किलोला 64 रुपये. त्या भावात कोण घेतो? लोकसभेत आमच्या कांदापट्ट्यातली दिंडोरीची जागा सत्ताधाऱ्यांनी गमावली. 13 सप्टेंबरला, विधानसभेच्या दोन महिने आधी, किमान मूल्य गेलं आणि शुल्क निम्म्यावर आलं. उरलेलं 1 एप्रिल 2025 ला गेलं. दार उघडलं खरं, पण मधल्या काळात हसीनाबाई देश सोडून गेल्या होत्या, त्या दिवसांत सीमा बंद पडून आमच्या दोन गाड्या अडकल्या ते वेगळंच. आणि बांगलादेशनं स्वतःचा कांदा वाढवायला घेतलाय. त्यांच्या शेतकऱ्याचा हंगाम असला की ते आयात परवानेच देत नाहीत. आपल्याकडे याला कृतघ्नपणा म्हणणारे पुष्कळ आहेत. मला तसं वाटत नाही. दोनदा उपाशी ठेवलेलं गिऱ्हाईक तिसऱ्यांदा घरी चूल मांडणारच. त्यांनी संत्र्यावरचं शुल्क चढवत 2023 मध्ये किलोला 88 रुपयांवर नेलं, तो कांदाबंदीचा वचपा होता असं लोक म्हणतात. ते खरं की खोटं ते वरूडचे संत्रा व्यापारी सांगतील, नुकसान मात्र त्यांचंही झालं.

आता पेढीत आम्ही काही नियम केलेत. एका देशावर निम्म्याहून जास्त माल नाही. श्रीलंकेला निम्मे पैसे आधी. सीमेवर एका वेळी दोनच गाड्या. आणि ऑफिसात पंचांगाशेजारी मी एक कागद चिकटवलाय, त्यावर आपल्या आणि शेजारच्या देशांच्या निवडणुकांच्या तारखा. आप्पा आधी त्याला हसायचे. हल्ली सकाळी लिलावाला निघताना पावसाच्या नक्षत्राबरोबर तोही वाचून जातात. परवा चितगावहून फोन आला होता, परवाने निघायची बातमी आहे म्हणून. खळ्यावर पन्नास मिलिमीटरचा उन्हाळ कांदा निवडायला घेतलाय, गोण्या अजून शिवल्या नाहीत.